पाचगणीची फी आणि पाळण्याची दोरी

वाईहून पसरणीचा घाट चढून वर आले, की सिल्व्हर ओकच्या रांगांमधून पाचगणीच्या शाळा एकामागून एक दिसू लागतात. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून उभे आहे. सेंट पीटर्स, किमिन्स, बिलिमोरिया, संजीवन ही नावे महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत आजही आदराने घेतली जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या या चिमुकल्या गावाने शंभराहून अधिक वर्षे दूरदूरच्या घरांतील मुले सांभाळली, शिकविली, मोठी केली. या शाळांविषयी आमची कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पाचगणीच्या नावाभोवती वाढलेल्या आणि आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत जाऊन बसलेल्या एका समजुतीविषयी. चांगला बाप तो, जो चांगल्या शाळेची फी भरू शकतो, अशी ती समजूत आहे.

या समजुतीचा हिशेब सरळ आहे. मूल जन्मले की पहिली काही वर्षे ते आईचे, आजीचे आणि मावशीचे. बापाने तोवर पैसे साठवावेत. मूल बोलू-चालू लागले, शाळेच्या वयाचे झाले, की मग बापाने पुढे यावे, प्रवेशअर्ज आणावा, ओळखी काढाव्यात आणि मुलाच्या बुद्धीचे भवितव्य आपल्या हाती घ्यावे. हा हिशेब ऐकायला नेटका वाटतो. पण तो मुळातच चुकलेला आहे. कारण ज्या बुद्धीसाठी बाप पाचव्या वर्षी फी भरायला निघतो, तिचा पाया तोवर घालून झालेला असतो, आणि ते काम चालू असताना हा बाप दाराबाहेर उभा असतो.

नवजात बाळाचा मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव आकाराचा असतो. पहिल्या वर्षात तो जवळजवळ दुप्पट होतो. तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ८० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के वाढ पूर्ण होते. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींमध्ये दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नवे सांधे जुळत असतात, असा हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राचा अंदाज आहे. हे सगळेच सांधे टिकत नाहीत. जे वापरले जातात ते पक्के होतात, जे वापरात येत नाहीत ते गळून पडतात. रानातील पायवाटेसारखेच हे आहे. रोज पावले पडली तर वाट राहते, नाही तर गवत माजते.

ही पावले कशाने पडतात? महागड्या खेळण्यांनी नव्हे. बाळ हुंकार देते, त्याला कोणी तरी उत्तर देते. बाळ पाहते, कोणी तरी त्याच्याकडे पाहून हसते. बाळ रडते, कोणी तरी उचलून घेते. नऊ-दहा महिन्यांचे मूल बोटाने कावळा दाखविते आणि कोणी तरी ‘कावळा’ असे म्हणते. ही जी देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा होते, तीच मेंदूच्या बांधणीची खरी वीट आहे. यातील ‘कोणी तरी’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. ते ‘कोणी तरी’ म्हणजे केवळ आईच, असे निसर्गाने कोठेही लिहून ठेवलेले नाही. ते आपण ठरविले आहे.

येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील, की आईची गोष्टच निराळी, नऊ महिने पोटात वाढविल्याची ओढ बापाला कोठून येणार? या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की अवघ्या काही दिवसांची बाळे दूध चोखण्याची लय बदलून आईचाच आवाज ऐकणे पसंत करतात. गर्भात असल्यापासून तो त्यांच्या परिचयाचा असतो. १९८४ साली डीकॅस्पर आणि प्रेस्कॉट यांनी पित्याच्या आवाजाविषयी तसाच प्रयोग केला. दोन पुरुषांच्या आवाजांतील फरक बाळांना कळला. परंतु स्वतःच्या पित्याच्या आवाजाकडे त्यांचा विशेष ओढा दिसला नाही. म्हणजे मातेला गर्भारपणात जो परिचय आपोआप लाभतो, तो पित्याला जन्मानंतर स्वतः कमवावा लागतो. यावरून ‘बापाचे तेथे काम नाही’ असा निष्कर्ष काढणारा माणूस उलटे गणित मांडतो आहे. ज्याच्या खात्यात आरंभी शिल्लक नाही, त्यानेच अधिक लवकर आणि अधिक नियमाने भर घालावयास हवी.

आणि पुरुषाचे शरीर या कामासाठी घडलेले नाही, हेही खरे नव्हे. फिलिपाईन्समधील सेबू हा बहुसंख्य कॅथलिक वस्तीचा प्रदेश. तेथील ६२४ तरुणांचा काही वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पिता झालेल्या पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण बरेच उतरले होते, आणि जे पिते दिवसाला तीन तास वा अधिक वेळ मुलाच्या देखभालीत घालवीत, त्यांच्यात ते मुलाकडे न पाहणाऱ्या पित्यांपेक्षा कमी होते. बाळाला जोजविणे हे ‘बायकी काम’ मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. निर्मात्याने पुरुषाच्या शरीरातही पितृत्वाची तरतूद करून ठेवली आहे. मात्र ती तरतूद बाळाला हातात घेतल्यावाचून कामास येत नाही.

आता आपल्याकडील रूढीकडे वळू. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला जुना शिरस्ता. सातव्या महिन्यात लेक माहेरी जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर परतते. या शिरस्त्यामागे प्रेम आहे, लेकीला विसावा मिळावा हा शहाणपणाचा हेतू आहे. तो मोडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु या काळात जावई कोठे असतो? तो बाळाला पाहायला येतो तो पाहुण्यासारखा. त्याला चहा मिळतो, खुर्ची मिळते, आणि दुपट्यात गुंडाळलेले बाळ दोन मिनिटे दुरून दाखविले जाते. त्याने हात पुढे केलाच, तर ‘तुम्हांला नाही जमायचे, मान सांभाळावी लागते,’ म्हणून सासूबाई बाळ परत घेतात. जावईही मनातून सुटकेचा निःश्वास टाकतो. ज्या महिन्यांत बाळ पहिल्यांदा ओळखीचे हसते, ते महिने असे निघून जातात. मग घरी आल्यावर ते बाळ बापाला पाहून रडले, की सगळे हसतात आणि म्हणतात, ‘आईवेडे आहे हो!’ आईवेडे नव्हे. त्या बिचाऱ्याची बापाशी ओळखच करून दिलेली नाही.

सातारा-सांगलीच्या मुलुखात तर दूर असणे हा बापाचा जणू स्थायीभाव झाला आहे. या मुलुखाने सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या जवान दिले, मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना हात दिले. खानापूर-आटपाडीकडील माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. पोटासाठी झालेल्या या ताटातुटीला आम्ही दोष देत नाही. सीमेवरच्या जवानाने काय करावे, असे कोणी विचारील, तर त्याला आमचे उत्तर आहे, की जे शक्य आहे ते त्याने करावे, आणि रजेवर आल्यावर मित्रांच्या पारावर न बसता बाळाजवळ बसावे. पण जो संध्याकाळी सहाला कचेरीतून सुटतो, ज्याचे दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, जो पाचगणीतच हॉटेलात किंवा स्ट्रॉबेरीच्या मळ्यात राबतो आणि रात्री स्वतःच्या घरी जेवतो, त्याच्या दूर असण्याला कोणते कारण आहे? त्याला दूर ठेवते ती रोजीरोटी नव्हे, केवळ सवय.

हीच पाचगणी आपणांस आणखी एक गोष्ट शिकविते. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी येथे बेल-एअर हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर औषध नव्हते त्या काळी आईबापांना मुलांपासून महिनोन्‌महिने अलग राहावे लागे. कारण जवळीक हाच धोका होता. तो नाइलाज होता, आणि त्याचे दुःख सोसणाऱ्यांना ठाऊक होते. आज ज्याला कोणताही आजार नाही, तो निरोगी बाप त्याच घरात राहून, कोणी सांगितलेले नसताना, स्वतःला बाळापासून अलग ठेवतो आणि त्याला त्याचे दुःखही होत नाही. या अलगपणाला काय नाव द्यावे?

आता बाजाराचा समाचार घ्यावयास हवा. कारण बापाची रिकामी जागा भरावयास बाजार टपलेलाच आहे. १९९३ साली मोझार्टचे संगीत ऐकविल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका विशिष्ट परीक्षेत थोडा वेळ थोडे अधिक गुण मिळाले, असे एका संशोधनात दिसले. त्यात एकही तान्हे मूल नव्हते. तरीही त्यावरून बाळांना हुशार करणाऱ्या ध्वनिफितींचा व्यापार जगभर फोफावला. १९९८ साली तर अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशी तबकडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. आज तोच व्यापार चित्रकार्डे, बुद्धिवर्धक खेळणी आणि मोबाईलवरील गाणी या रूपाने आपल्या दारात आला आहे. बाप ती विकत आणतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतो.

या समाधानाला उत्तर देणारा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे ध्वनी बारा बैठकांत ऐकविले. ज्यांच्यासमोर जिवंत माणूस बसून खेळला, बोलला, ती बाळे ते ध्वनी ओळखावयास शिकली. ज्यांना तीच माणसे, तेच शब्द पडद्यावर दाखविले, ती काही शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा दोन वर्षांपर्यंत नेली आहे. दूर असलेल्या पित्याने फोनवरून बाळाशी समोरासमोर बोलणे यात मोडत नाही; कारण तेथे पलीकडून उत्तर देणारा माणूस असतो. मात्र घरात बसलेल्या पित्याने बाळाच्या हाती मोबाईल देऊन स्वतः दुसरा मोबाईल पाहणे, हे त्या बाळाला दाराबाहेर ठेवण्यासारखे आहे.

मग पित्याने करावे तरी काय? त्यास ना पैसा लागतो, ना पदवी. नवजात बाळाला हातभर अंतराच्या आतले, सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचे, स्पष्ट दिसते. कडेवर किंवा मांडीवर घेतले की बापाचा चेहरा नेमका तेथेच येतो. तेव्हा बाळाला घ्यावे, पाहावे आणि बोलावे. लंगोट बदलावा, आंघोळीला पाणी ओतावे, ढेकर काढावी, रात्रीची एक पाळी आपली मानावी. बाळाच्या हुंकाराला हुंकार द्यावा आणि मग थांबावे, त्याला पुन्हा ‘बोलण्याची’ संधी द्यावी. दिसेल त्या वस्तूचे नाव आपल्या घरच्या बोलीत सांगावे. मोडक्या इंग्रजीत नव्हे. जपमाळेच्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन बसावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला उघड्या छातीशी धरावे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी सुरू केलेली ही ‘कांगारू’ पद्धत आज जगभर मान्य आहे, आणि छाती पित्याची असली तरी बाळाला तीच ऊब मिळते.

काही गोष्टी करू नयेत, त्याही तितक्याच महत्त्वाच्या. घरात विडी-सिगारेट ओढू नये. बाळ कितीही रडले तरी त्याला गदगदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन ते दगावू शकते. राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात ठेवून दोन मिनिटे बाहेर जावे. आणि दारूविषयी आपल्या समाजात जे मौन आहे ते येथे मोडलेच पाहिजे. रोज रात्री घरात आरडाओरड होत असेल, तर ‘त्याला काय कळते’ म्हणून स्वतःची समजूत घालू नये. त्याला शब्द कळत नाहीत, भीती कळते. दीर्घकाळ चाललेली आणि कोणीही जवळ घेऊन न शमविलेली भीती वाढत्या मेंदूला इजा करते, यावर आज तज्ज्ञांचे एकमत आहे. बाळंतिणीचे मन खचले असेल, ती उगाच रडत असेल, तर तिला बोल न लावता डॉक्टरांकडे नेणे हेही पित्याचेच काम. कारण आईचे मन सावरले तरच बाळाला उत्तर मिळते.

तीन वर्षे उलटली की सारी दारे बंद होतात, असा धाक आम्ही कोणाला घालीत नाही. मेंदू पुढेही शिकतो, आणि उशिरा जागा झालेला बापही बापच असतो. विधवा मातांनी एकटीने वाढविलेली कर्तबगार मुलेही आपण पाहतो. पण एका पायाने चालणाऱ्याचे कौतुक करणे वेगळे आणि दोन्ही पाय असताना एक बांधून ठेवणे वेगळे.

शेवटी आपल्या श्रद्धेचा प्रश्न. संत योसेफ मुका होता असे समजून आपण त्याचे चित्र भिंतीवर लावतो आणि शांत, दूर, कष्टाळू बापाचा तो आदर्श मानतो. शुभवर्तमानात योसेफाचा एकही शब्द नोंदलेला नाही हे खरे. पण त्याची कृत्ये पाहा. बाळाचे नाव त्याने ठेवले. रात्री उठून बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन तो मिसरास निघाला. रक्ताचे नाते नसताना तो पिता झाला, तो जवळ राहिल्यामुळे. होशेय संदेष्ट्याने तर खुद्द देवाचे चित्र मुलाला हाताला धरून चालायला शिकविणाऱ्या आणि गालाशी धरणाऱ्या पित्यासारखे रेखाटले आहे. देवाला जे कमीपणाचे वाटत नाही, ते आम्हां पुरुषांना का वाटावे?

ख्रिस्तसभेची शिकवणही संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आईवडिलांना मुलांचे पहिले शिक्षक म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या प्रबोधनपत्रात पित्याच्या गैरहजेरीने होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफाविषयी लिहिताना सांगितले, की मूल जन्मास घालण्याने नव्हे, तर त्याची जबाबदारी उचलल्याने पुरुष पिता होतो. १९६९ च्या सुधारित बाप्तिस्मा विधीत अखेरीस मातेला आणि नंतर पित्याला वेगळा आशीर्वाद दिला जातो. त्या क्षणी आपले बापलोक कोठे असतात? पुष्कळदा छायाचित्रकाराला खुणा करण्यात, नाही तर जेवणावळीचा अंदाज घेण्यात.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत एक पूर्ण सत्र होणाऱ्या पित्यांसाठी असावे आणि ते एखाद्या अनुभवी परिचारिका-भगिनीने घ्यावे. बाळ कसे धरावे हे पुरुषांना प्रत्यक्ष शिकवावे. दुसरी, बाप्तिस्म्याच्या पूर्वतयारीला पित्याची हजेरी सक्तीची असावी. तिसरी मागणी आपल्याच संस्थांकडे आहे. २०१७ च्या कायद्याने नोकरदार मातेची रजा २६ आठवड्यांची झाली, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच कायद्याने पित्याला एक दिवसही दिला नाही. केंद्र सरकार आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून १५ दिवसांची पितृत्व रजा देत आले आहे. आपल्या शाळा, रुग्णालये आणि वसतिगृहे कुटुंबाच्या पावित्र्यावर प्रवचने देतात. त्यांनी आपल्या शिपायाला, चालकाला, शिक्षकाला निदान तेवढे पंधरा दिवस भरपगारी द्यावेत. प्रत्येक धर्मग्राम समितीने आपल्या संस्थेची नियमावली उघडून पाहावी आणि पुढल्या बैठकीत हा प्रश्न मांडावा.

‘यास पैसा कोठून आणायचा’ असे ज्यांना वाटते, त्यांनी बाप्तिस्म्याच्या मेजवानीवर, मंडपावर आणि वाजंत्रीवर होणारा खर्च एकदा कागदावर मांडून पाहावा. नोकरीत रजा नसेल तर त्या पैशांत बिनपगारी पंधरा दिवस सहज निघतात. बाळाला त्या मेजवानीची आठवण राहणार नाही. त्या पंधरा दिवसांत छातीशी धरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज मात्र त्याच्या ओळखीचा होईल.

मग पुढे खुशाल पाचगणीची फी भरावी. परंतु ती फी भरण्याआधी पाच वर्षे, रोज संध्याकाळी, पाळण्याची दोरी हातात घेतलेली असावी. ते शिक्षण कोणतीही शाळा पुढे भरून देऊ शकत नाही, आणि त्याची पावतीही मिळत नाही.